मालावरचा मार्का

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो वरवर पाहतां व्यापारी मंडळींचा आहे. संसारी श्रोत्यांना त्याचें काय, अशी शंका कोणास आली तर ती अगोदरच निवारावी हें बरें. माझी या विषयाशीं पहिली ओळख वाण्याच्या दुकानांत, वयाच्या सातव्या-आठव्या वर्षीं झाली. आम्ही त्या वेळीं जळगांवास राहत होतों. दिवाळीच्या फराळाचे दिवस आले कीं आई माझ्या हातांत पैसे व पिशवी देई आणि बजावी, "सूर्यफुलाचाच डबा आण. दुसरा देऊं लागला तर घेऊं नकोस." डब्यावरचीं इंग्रजी अक्षरें मला वाचतां येत नव्हतीं, आईलाहि येत नव्हतीं. पण फूल आम्हां दोघांनाहि ओळखतां येत होतें, आणि तेवढ्यावर व्यवहार बिनचूक होत असे. दुकानदाराची लबाडी चालत नसे आणि माझी विसराळू बुद्धि आड येत नसे.

धंद्याला मार्का कशाला हवा, या प्रश्नाचें बहुतेक सारें उत्तर त्या प्रसंगांत आहे असें मला वाटतें. मार्का म्हणजे पुड्यावरची शोभा नव्हे. गिऱ्हाइकानें आपला माल पुन्हां मागावा आणि मागतांना चुकूं नये, यासाठीं त्याच्या तोंडांत ठेवलेला शब्द व डोळ्यांत ठेवलेली खूण म्हणजे मार्का. छाप, निशाणी, व्यापारचिन्ह, बोधचिन्ह आणि अलीकडे लोगो किंवा ब्रँड, अशीं नांवें पुष्कळ आहेत. काम हें एवढेंच. तेव्हां ज्याला स्वतःचा लहानसा उद्योग काढावयाचा आहे त्यानें चित्र सुंदर झालें कीं नाहीं हें मागाहून पाहावें. दहा वर्षांचें मूल आईचा निरोप घेऊन दुकानांत गेलें तर तें आपलाच पुडा घेऊन परत येईल काय, हें आधीं पाहावें.

तें सूर्यफूल आमच्या घरापासून फार दूरचें नव्हतें. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील अमळनेर या गांवीं, म्हणजे तेव्हांच्या पूर्व खानदेशांत, २९ डिसेंबर १९४५ रोजीं महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनीं एक कंपनी काढली. तिचें नांव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड'. माल दोन प्रकारचा: 'सनफ्लॉवर' नांवाचें वनस्पति तूप, आणि तेलाच्या धंद्यांतून जें उरे त्यापासून केलेला '७८७' हा धुण्याचा साबण.

आतां मौज पाहा. कंपनीचें नांव अक्षरशः खरें होतें. पश्चिम हिंदुस्थान, वनस्पतिजन्य माल, मर्यादित जबाबदारी, सारें त्यांत आलें होतें. आणि इतकें सत्य सांगूनहि तें नांव घेऊन दुकानांत कोणी कांहीं मागितल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. उलट सूर्यफूल मालाविषयीं कांहींच सांगत नव्हतें. तो मुलूख भुईमुगाचा, आणि गिरणीचा धंदा शेंगदाण्यावर चाललेला. सूर्यफुलाचें तेल तर त्या काळीं आपल्याकडील घरांत कोणाला माहीतहि नव्हतें. म्हणूनच तें फूल त्या डब्याचें होऊं शकलें. त्याचा दुसऱ्या कोणाच्या मालाशीं संबंध लागत नव्हता. आज सूर्यफुलाचें तेल घरोघर झालें असतां शेंगदाण्याच्या मालाला तें नांव देऊं जाल तर ग्राहकाची दिशाभूल होते असा आक्षेप येईल, आणि तो रास्तच ठरेल. नांवाची योग्यता काळाप्रमाणें बदलते ती अशी.

७८७ या आंकड्याचेंहि मला नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. ज्याला एक अक्षर येत नाहीं त्याला सुद्धां आंकडा येतो. नोट मोजणारा माणूस आंकडा ओळखतो. टाटांच्या तेल गिरणीचा ५०१ साबणहि याच जातीचा. आंकड्याला भाषा नसते, त्याचें भाषांतर करावें लागत नाहीं, आणि तो भिंतीवर गेरूनें लिहितां येतो.

पुढें या कंपनीचा व्याप तेला-साबणापलीकडे जाऊं लागला तसें तिचें लांबलचक खरें नांव तिला अडचणीचें झालें. १९७७ सालीं तें 'विप्रो प्रॉडक्ट्स' झालें आणि १९८२ सालीं नुसतें 'विप्रो'. जुन्या नांवांतील कांहीं अक्षरें उचलून केलेला हा शब्द. त्याला स्वतःचा अर्थ नाहीं, आणि म्हणूनच त्यांत संगणक बसला, दिवा बसला, साबणहि राहिला. १९९८ सालीं कंपनीनें सप्तरंगी फुलाचें चिन्ह घेतलें. तें पाहून आमच्यासारख्या खानदेशांतील जुन्या माणसांना डब्यावरचें फूल आठवल्यावांचून राहिलें नाहीं. २०१७ सालीं तेंहि गेलें व त्याच्या जागीं रंगीत ठिपक्यांचें चिन्ह आलें. एवढी मोठी कंपनी असल्यामुळें तिला हें परवडलें. पांच-पंचवीस दुकानांत माल ठेवणाऱ्यानें दर दिवाळीला पुड्याचा रंग बदलला तर त्याचें गिऱ्हाईक दर दिवाळीला नव्यानें परकें होतें.

मराठी घरांत जन्मलेलें असेंच दुसरें उदाहरण शाईचें आहे. १९३१ सालीं दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधु गोविंद यांनीं मुंबईस शाईची पूड व वड्या करण्यास प्रारंभ केला. प्रथम त्या मालाला 'हॉर्स ब्रँड' म्हणत. फाउंटन पेनची शाई निघाली तिला 'कॅमल' हें नांव मिळालें, आणि 'कॅमल' व 'इंक' यांच्या संधींतून 'कॅम्लिन' झालें. घोड्याच्या छापा बाजारांत पुष्कळ. शाईच्या बाटलीवर उंट मात्र कोणाच्या ध्यानीमनीं नव्हता. उंटाचा शाईशीं संबंध काय, हें विचारण्यांतच तो लक्षांत राहतो.

डालड्याची कथा निराळ्या कारणानें सांगण्यासारखी आहे. हॉलंडमधील एका कंपनीचें 'दादा' नांवाचें वनस्पति तूप इकडे येत असे. लीव्हर कंपनीनें १९३७ च्या सुमारास तो धंदा येथें मांडतांना त्या नांवाच्या पोटांत स्वतःच्या नांवाचें 'एल' हें अक्षर घातलें आणि 'डालडा' तयार झाला. पिवळा डबा व त्यावर हिरवें ताडाचें झाड. पुढें तें नांव इतकें रूढ झालें कीं कोणतेंहि वनस्पति तूप म्हणजे डालडा, असें आपण म्हणूं लागलों. मार्का हरवण्याची ही एक तऱ्हाच आहे. तो एकाचा राहत नाहीं, सर्वांचा होतो. परंतु लहान उद्योग काढणाऱ्यानें या संकटाची चिंता आजच करावी असें नाहीं.

त्याच्यापुढचें संकट बहुधा उलट असतें. तें मीं जवळून पाहिलें आहे.

धुळ्यास माझी एक मावसबहीण असते. काळा मसाला, उडदाचे पापड आणि ज्वारीच्या बिबड्या करण्याचा तिचा उद्योग घराच्या पडवींत सुरू झाला, तो पुढें भाड्याच्या दोन खोल्यांत गेला. सहा बायका कामाला येऊं लागल्या. मसाल्याच्या पुड्यावर तिनें प्रथम जें छापलें तें असें: वर एकवीरा देवी, मध्यें 'खानदेशी काळा मसाला' हीं अक्षरें, आणि खालीं मिरच्या, धणे, खोबऱ्याची वाटी, पाटा-वरवंटा व डोक्यावर पदर घेतलेली हंसतमुख गृहिणी. पुडा लाल. चित्र मोठें सुरेख होतें. पण वर्षाच्या आंत तसल्याच लाल पुड्यांत, तसल्याच गृहिणीसह, दुसरा एक 'खानदेशी काळा मसाला' आग्रा रोडवरील त्याच दुकानांतून दिसूं लागला. हिचा खप उतरला. दोन बायकांना कांहीं महिने घरीं बसा म्हणून सांगावें लागलें. ती मला म्हणाली, "भाऊ, माझा मसाला चोरला हो त्यानें." मीं म्हटलें, "मसाला नाहीं चोरला. पुड्यावर चोरण्यासारखें तुझें असें कांहीं नव्हतेंच." हें बोलणें कठोर झालें, तिला लागलेंहि. पण तें खरें होतें.

कायद्याची दृष्टि या बाबतींत व्यवहाराच्या दृष्टीपेक्षां वेगळी नाहीं. सध्यांचा व्यापारचिन्हांचा कायदा १९९९ सालचा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. मालाची जात, गुण किंवा मूळ ठिकाण सांगणारे शब्द एकट्याच्या मालकीचे करूं देऊं नयेत, असें त्यांत सांगितलें आहे. दीर्घकाळच्या वापरानें तो शब्द एखाद्याशींच जोडला गेला असेल तर गोष्ट वेगळी. 'खानदेशी' हा शब्द खानदेशांतील प्रत्येकाचा, 'काळा' हा रंग सर्वांचा, आणि 'मसाला' हा तर माल. मिरच्यांचें चित्र मिरच्या विकणाऱ्या प्रत्येकाला काढतां आलें पाहिजे. एकूण माझ्या बहिणीच्या पुड्यावर सगळें समाईक होतें. खाजगी होता तो फक्त मसाला, आणि तो पुड्याच्या आंत होता.

मग गांवाच्या नांवाला कांहीं किंमत नाहीं काय? आहे, आणि मोठी आहे. पण ती एकट्याची नाहीं. जळगांवच्या केळ्याला आणि जळगांवच्या भरिताच्या वांग्याला २०१६ सालीं भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. २०२१ सालीं तांदलवाडी येथील शेतकऱ्यांचीं २२ टन केळीं या नोंदलेल्या नांवाखालीं दुबईला गेलीं. आतां दुसऱ्या मुलुखांतील केळ्याला 'जळगांवचें केळें' म्हणून विकणाऱ्यास अडवतां येतें, हा लाभ लहान नव्हे. तरी हें नांव गांवच्या विहिरीसारखें आहे. पाणी सर्वांनीं भरावें, कुंपण कोणी घालूं नये. रावेर-यावल भागांतील केळीं गाड्यांमागून गाड्या भरून उत्तरेकडे जातात आणि तेथें नुसतीं 'केळीं' म्हणून हातगाडीवर लागतात. तीं कोणत्या मळ्यांतलीं हें विचारणारा कोणी नाहीं व सांगणाराहि नाहीं. ज्यानें घड जिवापाड जपला त्याला शाबासकी परत येत नाहीं, ज्यानें कच्चा तोडला त्याला शिवी पोंचत नाहीं. गांवाच्या नांवाशेजारीं स्वतःचें नांव असेल तरच ही टपाल परत येते.

सरकारी शिक्क्यांविषयीं असाच गैरसमज आढळतो. जळगांवला सोनें घ्यायला लांबलांबून लोक येतात. २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला. मानक संस्थेचें चिन्ह, शुद्धतेचा आंकडा आणि त्या दागिन्याचा स्वतंत्र असा सहा अक्षर-आंकड्यांचा क्रमांक त्यावर असतो. मसाल्याच्या पुड्यावरहि अन्नसुरक्षेच्या परवान्याचा १४ आंकडी क्रमांक असावा लागतो. हे सारे परीक्षा उतरल्याचे दाखले झाले. वर्गांतील प्रत्येक मुलाजवळ दाखला असतो. हांक मात्र नांवानेंच मारावी लागते.

देवीच्या चित्राबद्दल मीं बहिणीला वेगळें सांगितलें. भक्ति मनांत असावी, परंतु पुडा फाडल्यावर तो कोठें जातो याचा विचार करावा. शिवाय देवाचें नांवहि विहिरीसारखेंच आहे. 'रामायण' हें नांव अगरबत्तीचें व्यापारचिन्ह म्हणून एकट्याला द्यावें काय, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि २०१५ सालीं न्यायालयानें धर्मग्रंथाच्या नांवावर तसा एकाधिकार नाकारला.

तिनें विचारलें, मग चित्रकाराला काय सांगूं? मीं म्हटलें, इतक्यांत कांहींच सांगूं नकोस. पंधरा दिवस दुकानांत कोपऱ्यांत उभी राहा आणि तुझा मसाला गिऱ्हाइकें कोणत्या शब्दानें मागतात तें लिहून आण. माझ्या मतें लहान उद्योगाच्या सबंध खटाटोपांतील हें सर्वांत मोलाचें काम आहे, आणि त्याला एक पैसाहि लागत नाहीं. आपल्या मालाला लोकांनीं अगोदरच कांहीं तरी नांव दिलेलें असतें. तें आपल्याला मात्र ठाऊक नसतें.

तिच्या वहींत काय आलें? 'तो लाल पुडा' म्हणणारे पुष्कळ निघाले. ती लाली तर आतां दोघांची झाली होती. 'देवपूरच्या ताईंचा' म्हणणारे कांहीं. 'खानदेशी काळा मसाला' हे शब्द मात्र पंधरा दिवसांत एकानेंहि उच्चारले नाहींत. आणि एका दुकानांतील पोऱ्या पुडे काढून देतांना दर वेळीं म्हणे, "हा कंदीलवाल्या ताईंचा." याचें कारण ऐकून तिलाच हंसूं आलें. प्रारंभींच्या काळांत वीज संध्याकाळची जात असे, तेव्हां ती हातांत कंदील घेऊन दुकानोदुकानीं माल पोंचवीत फिरे. ती विसरली होती, पेठ विसरली नव्हती.

कंदील म्हटल्यावर माझें मन एकदम बसलें. मसाल्याशीं त्याचा संबंध नाहीं, म्हणून तो दुसऱ्या मसालेवाल्याला सहज सुचणार नाहीं. तो काळ्या बाह्याकृतीवरूनहि ओळखतां येतो. शब्द तीन अक्षरांचा. आणखी एक सोय अशी कीं त्यांत 'ळ' नाहीं. ही गोष्ट आमच्याकडे विशेष महत्त्वाची आहे. खानदेशचा माल एका अंगानें सुरतेकडे जातो आणि दुसऱ्या अंगानें बऱ्हाणपूर-इंदुराकडे. गुजराथी माणूस 'ळ' म्हणतो, हिंदी माणूस त्याचा 'ल' करतो. आपण 'मळा' म्हणून पाठवावें आणि पलीकडे तो 'मला' होऊन उतरावा. इंग्रजी अक्षरांत लिहिलें तर 'ळ' आणि 'ल' यांतला भेद आपल्या घरींच बुडतो. नांव ठरवितांना तें अहिराणी बोलणाऱ्या म्हातारीकडून, गुजराथी व्यापाऱ्याकडून आणि हिंदी हमालाकडून एकदां मोठ्यानें वदवून घ्यावें.

चित्रकारानें पहिला कंदील काढला तो भिंतीवर लावावा असा होता. कांचेवर चकाकी, ज्योतीभोवतीं किरणें, खालीं सावली, रंग पांच. कागदावर तो शोभला. पण गोणपाटावर पत्र्याच्या साच्यांतून शाई फिरवली तेव्हां काळा भोपळा उमटला, आणि मुलीच्या मोबाईलवर तोच कंदील हरभऱ्याएवढ्या गोलांत बसवला तेव्हां कांहींच दिसेना. दुसऱ्या खेपेस त्याला मीं एवढेंच सांगितलें कीं आधीं नुसत्या काळ्या शाईनें, अंगठ्याच्या नखाएवढा काढून दाखव. तो ओळखूं आला तर मग रंगाचें बोलूं. कडी, कांच, ज्योत आणि तळ, चार आकृतींत काम झालें. रंग दोन ठेवले, आणि लाल मुद्दाम सोडला. मसाल्याच्या फळीवर सगळेंच लाल असतें. तेथें निळा पुडा दुरून हांक मारतो.

अक्षरांकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतें. देवनागरी अक्षराला वर शिरोरेषा, तिच्याहि वर मात्रा व वेलांट्या, खालीं उकार. हीं सर्व मंडळी सांभाळावयाचीं तर ओळीला उंची द्यावी लागते. इंग्रजी अक्षरांच्या मापानें दाबून बसविलें कीं मात्रा कापल्या जातात आणि अनुस्वार छपाईंतल्या डागासारखा दिसूं लागतो. मराठी नाटकांचीं नांवें ज्यांनीं कमल शेडगे यांच्या हातचीं पाहिलीं असतील त्यांना मी काय म्हणतों तें कळेल. तीं नांवें वाचण्यापूर्वीं ओळखूं येत, आणि नाटक हंसवणारें आहे कीं रडवणारें हें अक्षरच सांगे. प्रत्येकाला तसा कलावंत मिळणार नाहीं. परंतु जो टंक शेजारच्या दहा पाट्यांवर आहे तोच आपण घेऊं नये, एवढें तरी करतां येतें. आणि जो कोणी चित्र व अक्षरें काढील त्याच्याकडून त्यांचे हक्क आपल्या नांवें लेखी करून घ्यावेत. पैसे दिले म्हणजे चित्र आपलें झालें, ही समजूत पुढें त्रास देते.

आतां कज्ज्याचें. दोन मार्के एकमेकांसारखे आहेत कीं नाहींत हें कसें ठरवितात? सामान्य माणूस दोन्ही पुडे शेजारी ठेवून फरक मोजूं लागतो. न्यायालय तसें करीत नाहीं. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं साधारण बुद्धीचा, अपुऱ्या आठवणीचा ग्राहक डोळ्यांपुढें ठेवला. तो शब्दाची फोड करीत नाहीं, त्याच्या कानांत राहतो तो एकंदर नाद. १९७२ सालीं पार्ले कंपनीच्या बिस्किटांच्या वेष्टनाचा वाद आला. एका पुड्यावर शेतघर, गाई, कोंबड्या आणि हातांत बादली घेतलेली मुलगी. दुसऱ्यावर गवताचा भारा घेतलेली मुलगी, गाय व वासरूं. तपशील वेगळे, पण मनांत उरणारें चित्र एकच, म्हणून निकाल पार्लेच्या बाजूनें लागला. आईनें वाण्याकडे पाठविलेला मुलगाच न्यायासनानें प्रमाण मानला, असें मी विनोदानें म्हणत असतों.

अमृतधारेच्या खटल्यांतील एक गोष्ट मात्र विनोदाची नाहीं. साम्य मान्य होऊनहि लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. कारण अमृतधारावाल्यांनीं तिचा वापर तेथें बरींच वर्षें चालूं दिला होता. गप्प बसण्याची किंमत पडते ती अशी.

नोंदणीची व्यवस्था आपल्या देशांत १९४० च्या कायद्यानें आली. त्यापूर्वीं व्यापारी लोक आपल्या मार्क्याचें प्रतिज्ञापत्र दस्तऐवजांच्या कचेरींत नोंदवून ठेवीत. आतां महाराष्ट्रांतील अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो, आणि तो घरबसल्या संगणकावरून करतां येतो. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला संगणकावरून अर्ज करतांना एका वर्गास ४,५०० रुपये फी पडते, मोठ्यांना ९,०००. मालाचे व सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाला तिसाव्यांत, साबण तिसऱ्यांत, दागिने चौदाव्यांत. अर्जापूर्वीं त्याच वर्गांत कोणाचें सारखें चिन्ह आहे काय, हें कार्यालयाच्या नोंदवहींत पाहतां येतें, व तें पाहण्यास पैसे पडत नाहींत. छपाईवर हजारों रुपये घालून मग हा शोध घेणारे लोक मीं पाहिले आहेत. अर्ज स्वीकारला गेला कीं तो पत्रिकेंत प्रसिद्ध होतो, आणि चार महिन्यांच्या आंत कोणासहि हरकत घेतां येते. नोंदणी दहा वर्षांची. पुढें दर दहा वर्षांनीं वाढवितां येते. वर्तुळांतील 'आर' हें अक्षर नोंदणी झाल्यावरच छापावें, तत्पूर्वीं छापणें हा गुन्हा आहे. आणि चिन्ह नोंदवून पांच वर्षांहून अधिक काळ वापरलेंच नाहीं तर तें रद्द करविण्यास दुसरा मोकळा होतो.

बहिणीचा कंदील नोंदला गेला, आणि वर्ष-दीड वर्षांत पोरेंसोरें तो मागूं लागलीं. दुसऱ्या पावसाळ्यांत मात्र धण्याच्या एका पोत्याला ओल लागलेली तिच्या ध्यानांत आली नाहीं. त्या घाण्याच्या मसाल्याला कुबट वास येऊं लागला. आठ दिवसांत चार दुकानांतून निरोप आले, आणि चारहि ठिकाणीं शब्द एकच: "कंदील बिघडला." तिनें तीनशेंवर पुडे परत आणविले, फोडून फेंकून दिले, आणि गिऱ्हाइकांना बदली माल दिला. त्या महिन्याची कमाई गेली. रात्रीं दूरध्वनीवर ती म्हणाली, "भाऊ, लाल पुडाच असता तर कोणाला कळलंहि नसतं, कुणाचा होता तो." मीं कांहीं उत्तर देण्यापूर्वीं तिनेंच पुढें सांगितलें कीं धणे आतां ती स्वतः उन्हांत हात घालून पाहते, दुसऱ्या कोणावर सोंपवीत नाहीं.

सध्यां ती लोणचीं घालण्याच्या विचारांत आहे. बरणीवर कंदीलच ठेवणार. लोणचें एकोणतिसाव्या वर्गांत येतें, म्हणून अर्ज निराळा करावा लागेल. तो मीं परवां भरून दिला.